पाठ झालेले शब्द आणि तोंडात बसलेले शब्द

परक्या भाषेचा शब्दसंग्रह दोन थरांचा असतो. वाचताना किंवा ऐकताना ओळखू येणारे शब्द हा एक थर. बोलताना, लिहिताना वेळेवर हाताशी येणारे शब्द हा दुसरा. पहिला थर लवकर वाढतो आणि दिसायला मोठा असतो. दुसरा सावकाश वाढतो, आणि रोजच्या व्यवहारात उपयोगी पडतो तो हाच. इंग्रजी शिकणाऱ्यांची बहुतेक मेहनत पहिल्या थरावर खर्च होते आणि तक्रार मात्र दुसऱ्याबद्दल असते.

रायपूरच्या मराठी घरांत ही तक्रार विशेष ऐकू येते. नागपूरकर भोसल्यांपैकी बिंबाजी १७५८ मध्ये रतनपूरला राज्य करू लागले, तेव्हापासून मराठी माणसे छत्तीसगढात येत राहिली. तात्यापारा, बुढापारा या जुन्या वस्त्यांत पिढ्यान्‌पिढ्या राहिलेली कुटुंबे आहेत, आणि नोकरीमुळे किंवा लग्नामुळे नागपूर-भंडाऱ्याकडून आलेलीही आहेत. या घरांत भाषांची टंचाई नसते. घरात मराठी, शाळेत आणि कचेरीत हिंदी, भाजीवालीशी छत्तीसगढी. माधवराव सप्रे याच मुलुखात वाढले, १९०० मध्ये पेंड्र्याहून ‘छत्तीसगढ मित्र’ हे हिंदी मासिक त्यांनी काढले आणि पुढे ‘दासबोध’ व ‘गीतारहस्य’ हिंदीत नेले. इथल्या मराठी माणसाला दुसरी भाषा शिकण्याचे वावडे कधीच नव्हते. पण हिंदी आणि छत्तीसगढी रस्त्यावर शिकली जाते, न बोलून चालतच नाही. इंग्रजीचे तसे नाही. जयस्तंभ चौकापासून नव्या रायपूरपर्यंत सगळे व्यवहार हिंदीत होतात. भिलाईच्या पोलाद कारखान्याने देशभरातली माणसे शेजारी आणून बसवली, तीही एकमेकांशी हिंदीतच बोलतात. रायपूरकराला इंग्रजीची गरज परीक्षेला, मुलाखतीला आणि बाहेरगावी लागते. त्यामुळे ती पुस्तकातून, म्हणजे बहुधा यादीतून शिकली जाते.

यादीची वही सगळ्यांच्या परिचयाची आहे: डाव्या बाजूला इंग्रजी शब्द, उजव्या बाजूला एक अर्थ. कर्मचारी निवड आयोगाच्या आणि बँकांच्या परीक्षांत समानार्थी, विरुद्धार्थी शब्द आणि शब्दसमूहाबद्दल एक शब्द असे प्रश्न येत आले आहेत, म्हणून शिकवणीवर्गही याद्याच देतात. परीक्षेपुरता त्यांचा उपयोग होतो, हे नाकारण्यात अर्थ नाही. प्रस्तुत लेखकाने ऐन उमेदीत अशाच एका शिकवणीच्या जोरावर माणसे नकोशी वाटणाऱ्या माणसाला, देव न मानणाऱ्याला आणि नाणी जमवणाऱ्याला इंग्रजीत काय म्हणतात हे घडाघडा सांगण्याइतकी तयारी केली होती. मुलाखतीत प्रश्न आला तो एवढाच, की आधीची नोकरी का सोडली. त्याला लागणारे शब्द सातवी-आठवीचे होते. ते सगळे माहीत होते, पण एकमेकांना जोडून वाक्य करण्याची सवय त्यांतल्या एकालाही नव्हती.

रेल्वे स्टेशनवरच्या पुस्तकांच्या गाड्यावर हमखास मिळणारे नॉर्मन लुईस यांचे ‘वर्ड पॉवर मेड इझी’ १९४९ मध्ये अमेरिकेत निघाले. ज्यांची मातृभाषाच इंग्रजी आहे आणि ज्यांना ग्रीक-लॅटिन मुळांचे भारदस्त शब्द मिळवायचे आहेत, अशा वाचकांसाठी ते लिहिलेले आहे. पुस्तक उत्तम आहे, पण पाया असलेल्या घरावरचा तो वरचा मजला आहे. परक्या शिकणाऱ्याचा पाया कोणता असावा, याचा विचार वेगळ्याच माणसांनी केला, आणि त्यांतला एक आपल्याकडेच नोकरीला होता. मायकेल वेस्ट हे बंगालमध्ये, ढाक्याला शिक्षण खात्यात होते. मुलांच्या इंग्रजी वाचनपुस्तकांत जुने, काव्यातले शब्द भरलेले असतात आणि नवे शब्द एकाच पानावर गर्दी करतात, हे त्यांनी पाहिले. त्यांनी असे शब्द काढून त्यांच्या जागी रोजचे घातले आणि नवे शब्द दूर दूर पेरले. पुढे १९५३ मध्ये त्यांची सुमारे २,००० शब्दांची ‘जनरल सर्व्हिस लिस्ट’ प्रसिद्ध झाली. साध्या इंग्रजी मजकुरातल्या दर १०० शब्दांपैकी ८० च्या आसपास शब्द एवढ्याच संचातले असतात.

यातून दोन गोष्टी निघतात. पहिले २,००० शब्द नुसते ओळखीचे असून भागत नाही, ते हुकमी हवेत. गेट, टेक, पुट, मेक, कीप अशा शब्दांचे दहा-दहा उपयोग येतात, आणि शिकणारा त्यांना सोपे समजून सोडून देतो. दुसरे असे, की उरलेला रस्ता लांब आहे. न्यूझीलंडचे भाषातज्ज्ञ पॉल नेशन यांच्या हिशेबाने कोशाची मदत न घेता कादंबरी किंवा वर्तमानपत्र वाचायला ८,००० ते ९,००० शब्दकुळे, म्हणजे मूळ शब्द आणि त्याची रूपे मिळून होणारे गट, माहीत असावी लागतात. एवढे शब्द यादीने पाठ होत नाहीत. ते वाचनातूनच, पुन्हा पुन्हा भेटून ओळखीचे होतात.

आता अर्थाचा प्रश्न. रायपूरच्या दुकानांत सहज मिळतो तो इंग्रजी-हिंदी कोश, आणि इथे मराठी माणसाची एक खास अडचण होते. विदर्भातून नुकत्याच आलेल्या सुनेला किंवा बदलीवर आलेल्या कारकुनाला कोशात ‘एज्युकेशन’समोर ‘शिक्षा’ दिसते, ‘एफर्ट’समोर ‘चेष्टा’, ‘ऑब्जेक्शन’समोर ‘आपत्ति’, ‘बिझी’समोर ‘व्यस्त’, ‘लीव्ह’समोर ‘अवकाश’. यांतले बहुतेक शब्द मराठीत त्या अर्थाने चालत नाहीत. शिक्षेचा गोंधळ कोणाचा होत नाही, तो विनोदापुरता ठीक. पण आपत्ती आणि चेष्टा यांनी गोंधळलेली माणसे प्रत्यक्ष पाहण्यात आहेत. उलट रायपूरमध्येच जन्मलेल्या, हिंदी माध्यमात शिकलेल्या मराठी मुलाला इंग्रजी-मराठी कोशातले संस्कृतप्रचुर प्रतिशब्द इंग्रजीइतकेच अवघड वाटतात. दोघांनाही सोयीचा मार्ग म्हणजे शिकणाऱ्यांसाठी सोप्या इंग्रजीतच लिहिलेला कोश. असा कोश परकीयांना शिकवता शिकवताच जन्माला आला: जपानमध्ये इंग्रजी शिकवणाऱ्या ए. एस. हॉर्नबी यांचा कोश १९४२ मध्ये टोकियोत छापला गेला आणि पुढे ऑक्सफर्डने तो जगभर नेला. १९८७ च्या ‘कोबिल्ड’ कोशाने तर प्रत्येक अर्थ पूर्ण वाक्यात सांगितला. अर्थ वाक्यात भेटला की शब्द कोणाच्या सोबतीने येतो हेही कळते, आणि खरी गोम तिथेच आहे.

शब्दांची सोबत ठरलेली असते, हे मराठी माणसाला मुद्दाम शिकवावे लागत नाही. ऊन कडक, थंडी कडाक्याची, पाऊस मुसळधार. मुसळधार ऊन कोणी म्हणत नाही. इंग्रजीत पाऊस ‘हेवी’ असतो आणि चहा ‘स्ट्राँग’. अदलाबदल केली तर व्याकरण चुकत नाही, पण ऐकणारा चमकतो. सर्वांत जास्त घोळ ‘करणे’ या क्रियापदाने होतो. मराठीत चूक करतात, अभ्यास करतात, आंघोळ करतात, फोन करतात, प्रयत्न करतात. इंग्रजीत चूक ‘मेक’ होते, गृहपाठ ‘डू’ होतो, आंघोळ ‘टेक’ किंवा ‘हॅव’ होते आणि फोन ‘मेक’ किंवा ‘गिव्ह’ होतो. म्हणून वहीत ‘मिस्टेक’ असा एकटा शब्द लिहिण्याऐवजी ‘मेक अ मिस्टेक’ असा जोडीने लिहावा. उसने देणे-घेणे, शिकणे-शिकवणे, आठवणे-आठवण करून देणे या जोड्यांना इंग्रजीत दोन-दोन अगदी वेगळे शब्द आहेत. तेही जोडीनेच शिकावेत. मराठीत सल्ले दोन असू शकतात आणि डोक्यावरचे केस अनेकवचनी असतात, म्हणून ‘ॲडव्हाइस’, ‘हेअर’, ‘फर्निचर’, ‘इन्फर्मेशन’ यांना शेपटीला ‘स’ जोडण्याचा मोह होतो. तो आवरावा लागतो.

पुट ऑफ, गेट ओव्हर, रन आउट ऑफ अशा जोडक्रियापदांना मराठी माणूस सर्वांत जास्त घाबरतो. खरे तर त्याने घाबरण्याचे कारण नाही. ‘करून टाक’ म्हणताना कोणी काही टाकत नाही आणि ‘विसरून बसला’ म्हणताना कोणी बसत नाही. मुख्य क्रियापदाला दुसरे चिकटते, आपला मूळ अर्थ सोडते आणि एक छटा देते. इंग्रजीत हेच काम ऑफ, अप, आउट ही चिमुकली अव्यये करतात. सुरुवातीला रोजच्या बोलण्यात लागणारी चाळीस-पन्नास पुरतात, आणि ती एकेका प्रसंगाला बांधून लक्षात ठेवावीत: गॅस संपला, बैठक पुढे ढकलली, ताप उतरला.

मराठीत आणि हिंदीत आधीच रुळलेले इंग्रजी शब्द फुकटचे भांडवल वाटतात. ते आहेही, पण त्यांतली काही नाणी खोटी निघतात. आपण हॉटेलात भजी खातो, इंग्रजीतल्या हॉटेलात माणसे मुक्कामाला असतात. रायपूरमध्ये ‘कॉपी’ म्हणजे वही, महाराष्ट्रात परीक्षेतली नक्कल, आणि इंग्रजीत प्रत. शिक्षकाला विचारायची शंका आपल्याकडे ‘डाउट’ असते. परदेशी शिक्षकाला ती त्याच्यावरचा अविश्वास वाटू शकते. कॉलेजातून ‘पास आउट’ झालो असे ब्रिटिश किंवा अमेरिकन माणसाला सांगितले, तर कॉलेजात चक्कर येऊन पडल्याचा समज व्हायचा. आजोबा ‘एक्सपायर’ झाले हेही टाळलेले बरे, कारण तिकडे तसे औषध होते किंवा पासपोर्ट. मात्र याचा अर्थ भारतीय इंग्रजी चूकच असा नाही. लाख, कोटी, टिफिन भारतीय वाचकासाठी लिहिताना योग्यच आहेत, आणि ‘प्रीपोन’ला ऑक्सफर्डच्या कोशानेही जागा दिली आहे. समोर कोण आहे ते पाहून शब्द निवडावा.

समोरच्याचा मान हा याच्याच जवळचा विषय. मराठीत तू, तुम्ही, आपण यांत मान आपोआप येतो. ‘जरा सरकता का?’ यात ‘कृपया’ नसूनही आर्जव असते. तेच शब्दशः इंग्रजीत नेले की हुकूम होतो. इंग्रजीत सर्वनाम एकच, त्यामुळे अदबीचा सगळा भार ‘कुड’, ‘वुड’ आणि ‘वुड यू माइंड’ यांच्यावर येतो. दर वाक्याला ‘सर’ लावून ही उणीव भरून निघत नाही. सरकारी अर्जातले ‘काइंडली’ आणि ‘डू द नीडफुल’ बोलण्यात आणले की बोलणे फाइलीसारखे वाटते.

उच्चारात मराठी माणसाला थोडी आघाडी आहे: ‘बँक’मधला ॲ आणि ‘कॉलेज’मधला ऑ मराठी लिपी वेगळा दाखवते. घात होतो आघाताने. मराठीत अक्षरे जवळपास सारख्या वजनाने येतात. इंग्रजीत एका अक्षरावर जोर आणि बाकीची पुसट. ‘फोटोग्राफ’मध्ये जोर पहिल्या अक्षरावर, ‘फटॉग्रफी’त दुसऱ्यावर. म्हणून नवा शब्द देवनागरीत लिहून पाठ करण्याआधी फोनवरच्या कोशात तो ऐकावा. एकदा कागदावर देवनागरीत ठरलेला उच्चार सहसा सुटत नाही.

वाचनासाठी रायपूरमध्ये एक सोय आहे, तिच्याकडे फारसे कोणाचे लक्ष जात नाही. गोखल्यांच्या भारत सेवक समाजाने १९११ मध्ये नागपुरात सुरू केलेले ‘हितवाद’ हे इंग्रजी दैनिक रायपूरहूनही निघते. शहरातली बातमी आधी ‘देशबंधू’त किंवा ‘हरिभूमी’त वाचावी आणि मग ‘हितवाद’मध्ये. तेलीबांधा तलावाजवळचे अतिक्रमण हटवल्याची हकिगत माहीत असली की निम्मे अनोळखी शब्द आपणच अर्थ सांगतात, कोश उघडावा लागत नाही. मथळ्यांपासून मात्र सावध राहावे. ‘नॅब’, ‘स्लॅम’, ‘प्रोब’ हे जागा वाचवणारे शब्द आहेत. चोराला पोलिसांनी ‘नॅब’ केले असे घरी कोणी बोलत नाही.

वाचलेले टिकवण्याचा उपाय जुना आहे. जर्मन मानसशास्त्रज्ञ हेर्मान एबिंगहाउस यांनी १८८५ मध्ये स्वतःवरच प्रयोग करून दाखवले, की पाठ केलेल्यातला मोठा भाग पहिल्या काही तासांतच निसटतो आणि नंतर निसटण्याचा वेग मंदावतो. म्हणून एका रात्रीत पन्नास शब्द घोकण्यापेक्षा दहा शब्द आज, उद्या, चार दिवसांनी आणि पंधरवड्याने पाहणे फायद्याचे. सेबास्टियान लाइटनर यांनी १९७२ मध्ये यासाठी कप्प्यांची पेटी सुचवली: चिठ्ठीवरचे आठवले की ती पुढच्या कप्प्यात जाते आणि उशिरा भेटते, अडले की पहिल्या कप्प्यात परत. मिठाईच्या रिकाम्या खोक्यात पुठ्ठ्याचे आडवे तुकडे घातले तरी काम होते. चिठ्ठीच्या एका बाजूला मराठी वाक्य लिहावे आणि दुसऱ्या बाजूला पूर्ण इंग्रजी वाक्य. मराठीकडून इंग्रजीकडे जाण्याचाच सराव करावा, कारण बोलताना तीच दिशा असते.

उरतो तो बोलण्याचा प्रश्न. रायपूरमध्ये इंग्रजी ऐकणारा शोधावा लागतो. २०२० पासून सुरू झालेल्या स्वामी आत्मानंद सरकारी इंग्रजी शाळांमुळे आता पुष्कळ घरांत तो आठ-दहा वर्षांचा असतो, आणि आई-वडिलांपेक्षा कमी संकोची असतो. त्याला रोज एक बातमी इंग्रजीत सांगावी. तो नसेल तेव्हा फोनवर दोन मिनिटे ध्वनिमुद्रण करावे. जिथे अडेल तिथे मराठी शब्द घालून पुढे जावे, थांबू नये. नंतर ऐकताना तेवढेच मराठी शब्द टिपून घ्यावेत आणि त्यांचे इंग्रजी शोधावे. ही यादी कोणत्याही छापील यादीपेक्षा आखूड असते, आणि तिच्यात ‘परस्पर’, ‘उगीच’, ‘निदान’, ‘नाइलाजाने’, ‘आयत्या वेळी’ असे शब्द निघतात, जे कोणत्याही शिकवणीच्या वहीत नसतात. आठवड्याने तीच बातमी पुन्हा सांगून पाहावी आणि दोन्ही मुद्रणे लागोपाठ ऐकावीत. पहिल्या वेळी मराठीत सांगावे लागलेले किती शब्द दुसऱ्या वेळी इंग्रजीत आले, ते मोजले की दुसऱ्या थरात काय जमा झाले हे कळते.