औषधाची बाटली आणि वाणिज्य शाखा

आमच्या विपणनाच्या पुस्तकात वेष्टनावर एक छोटे प्रकरण आहे. वेष्टन मालाचे रक्षण करते, माल नेण्या-आणण्यास सोयीचा करते आणि गिऱ्हाइकाचे लक्ष वेधून घेते, हे मुद्दे लिहिले की परीक्षेत पाच गुण पदरात पडतात. वेष्टन माणसाचा जीव सांभाळू शकते, हा मुद्दा मात्र तेथे नाही. तो मला एका अमेरिकन बाटलीच्या हकिकतीत सापडला.

अमेरिकेत दुकानदार डॉक्टरांच्या चिठ्ठीप्रमाणे गोळ्या मोजून गोल, नारिंगी प्लास्टिकच्या बाटलीत भरून देतो आणि वर छापील लेबल चिकटवतो. बाटली गोल, त्यामुळे मजकूर वाचायचा तर ती हातात फिरवावी लागते. सर्वांत ठळक अक्षरे दुकानाच्या नावाची. औषधाचे नाव आणि ते कसे घ्यायचे हे बारीक टाइपात. घरात चौघांची औषधे असली तर चारही बाटल्या जुळ्या बहिणींसारख्या.

न्यूयॉर्कच्या स्कूल ऑफ व्हिज्युअल आर्ट्समध्ये शिकणाऱ्या डेबोरा अॅडलर यांच्या आजीने अशाच गोंधळात आजोबांच्या गोळ्या घेतल्या. औषध एकच, मात्रा वेगळी. आपल्याकडे असे झाले असते तर सगळा दोष आजीच्या डोळ्यांना लागला असता! नातीने दोष बाटलीला दिला आणि पदव्युत्तर प्रबंधासाठी तोच विषय घेतला. १९९९ साली अमेरिकेतील इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिन या संस्थेने 'टू अर इज ह्यूमन' या अहवालात हेच मोठ्या प्रमाणावर मांडले होते. रुग्णालयांतील चुकांमुळे दरवर्षी ४४,००० ते ९८,००० माणसे दगावत असावीत, असा त्यात अंदाज होता. एकेका माणसाला दोषी धरण्यापेक्षा चूक होऊच नये अशी व्यवस्था उभारा, असा त्याचा रोख होता.

टार्गेट या दुकानांच्या साखळीने अॅडलर यांची कल्पना उचलली. क्लाउस रोझबर्ग या इंडस्ट्रियल डिझायनरबरोबर त्यांनी बाटलीला आकार दिला आणि २००५ साली 'क्लिअरआरएक्स' या नावाने ती टार्गेटच्या औषध विभागांत आली. ही बाटली झाकणावर, म्हणजे उलटी उभी राहते. त्यामुळे लेबलासाठी सपाट, रुंद जागा मिळाली. लेबलावर एक आडवी रेघ. रेघेच्या वर औषधाचे नाव, मात्रा आणि ते कसे घ्यायचे. दुकानाचा आणि डॉक्टरांचा तपशील रेघेखाली. खणात ठेवलेली बाटली वरून पाहूनही ओळखता यावी म्हणून माथ्यावर पुन्हा औषधाचे नाव. घरातील प्रत्येक माणसासाठी मानेभोवती वेगळ्या रंगाचे कडे. मला सर्वांत आवडले ते हे कडेच. त्याला खर्च तो कितीसा येणार? पण चष्मा न लावताही आजीची बाटली कोणती आणि आजोबांची कोणती ते कळते.

बाटलीचा रंग लाल, आणि लाल हा टार्गेटचाच रंग. म्हणजे त्यात जाहिरातही होती. मला त्यात गैर काही वाटत नाही. व्यापाऱ्याचा फायदा आणि रोग्याची सुरक्षितता एका बाटलीत नांदत असतील तर उत्तमच. अडचण पुढे आली.

२०१५ साली सीव्हीएस या कंपनीने टार्गेटचा औषध विभाग, म्हणजे सोळाशेहून अधिक औषधविक्री केंद्रे, सुमारे १.९ अब्ज डॉलरना विकत घेतला. त्यानंतर लाल बाटली बंद झाली आणि गिऱ्हाइकांच्या हाती पुन्हा नेहमीच्या गोल बाटल्या आल्या. तक्रारी झाल्या, तरी ती बाटली परत आली नाही. आम्ही ताळेबंदात नावलौकिकाची किंमत मांडायला शिकतो. पण न घडलेली चूक कोणत्या खात्यात मांडायची? बाटलीचा जादा खर्च दरमहा दिसतो. वाचलेली आजी कोणत्याच पानावर दिसत नाही. खरेदी-विक्रीच्या व्यवहारात अशी वस्तू सहज गळून पडते, असे मला वाटते.

पुढे सीव्हीएसनेच अॅडलर यांच्याकडून 'स्क्रिप्टपाथ' नावाचा तक्ता करून घेतला आणि २०१७ साली तो जाहीर केला. कोणते औषध सकाळी, कोणते दुपारी, कोणते झोपताना, हे त्यात चित्रांसह एका कागदावर येते. हे वाचले आणि मला आपल्याकडच्या डॉक्टरांचे १-०-१ आठवले. सकाळी एक, दुपारी नाही, रात्री एक. आमच्या सीमाभागात एकाच घरात आजी फक्त बाळबोध वाचते आणि नातवंडे शाळेत कन्नड गिरवतात. गोळीचे नाव बहुधा इंग्रजीत. पण १-०-१ सर्वांना कळते.

पट्टीचे मात्र तसे नाही. दुकानदार कात्रीने चार गोळ्या कापून देतो आणि मुदतीची तारीख पुष्कळदा दुकानातल्या तुकड्यावर राहते. तारीख आणि नाव प्रत्येक गोळीच्या पाठीमागे छापले तर पट्टी कशीही कापा, बिघडत नाही. तसे छापायला एका पट्टीमागे किती पैसे जास्त पडतील, एवढे गणित आमच्या कॉस्टिंगच्या सरांनी वर्गात घालावे, अशी माझी त्यांना विनंती आहे.