ढवळ्याशेजारचा पवळ्या

पामला आमच्या घरामागे सहा खोल्यांची चाळ आहे. तारापूर एमआयडीसीत कामाला येणारी परप्रांतीय पोरं तिथे राहतात. एका खोलीत चार-चार जण, स्वयंपाक पाळीने आणि शिफ्टप्रमाणे झोपही पाळीने.

काही वर्षांपूर्वी एका रात्री पोलीस आले आणि तीन नंबरच्या खोलीतल्या एकाला केबलच्या चोरीत घेऊन गेले. सकाळी मी त्याच्या शेजारी अंथरूण टाकणाऱ्या पोराला म्हणालो, "तूही खोली खाली कर." तो म्हणाला, "काका, मी सेकंड शिफ्टला होतो. पंचिंग बघा ना." मी बघितलं नाही. एका ताटात जेवणाऱ्याला ठाऊक नसेल होय? त्याचं डिपॉझिटही मी अडकवून ठेवलं. ठेकेदाराच्या कानावर गेलं. "घरमालकानेच काढलंय म्हणजे काहीतरी असणारच," म्हणत त्याने पोराचा गेटपास काढून घेतला.

पोलिसांनी त्या पोराला आरोपी केलंच नाही. शिक्षा दिली ती आम्ही दोघांनी. माझा संशय अंथरुणावर उभा होता आणि ठेकेदाराचा माझ्या वागण्यावर. पुरावा दोघांकडेही नव्हता.

आमच्याच पालघरने हे मोठ्या प्रमाणावर पाहिलं आहे. नोव्हेंबर 2012 मध्ये बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतरच्या बंदबद्दल एका तरुणीने फेसबुकवर लिहिलं, दुसरीने ते 'लाइक' केलं. दोघींना अटक झाली. जमावाने तर लिहिणारीच्या काकांचा दवाखाना फोडला. काकांनी ना लिहिलं होतं, ना लाइक केलं होतं. त्यांचं फक्त नातं होतं. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या ज्या कलम 66-अ चा तेव्हा आधार घेतला गेला, ते सर्वोच्च न्यायालयाने 24 मार्च 2015 रोजी रद्द केलं. दवाखाना फोडायला मात्र जमावाला कुठल्याच कलमाची गरज पडली नव्हती.

'ढवळ्याशेजारी बांधला पवळ्या, वाण नाही पण गुण लागला' ही म्हण संगत निवडताना उपयोगी आहे. ती पुरावा म्हणून चालत नाही. कायदाही साथीदाराला धरतो, पण त्याचा हेतू सामाईक असेल तर. भारतीय न्याय संहितेचं कलम 3(5) तेच सांगतं. चोरीचा माल आहे हे माहीत असूनही लपवला, तर तो ज्याचा त्याचा वेगळा गुन्हा. नुसतं एका खोलीत राहणं हा गुन्हा नाही.

म्हणून घरमालकांना माझं सांगणं:

एक, 'हा कोणाबरोबर होता' यावर थांबू नका. 'याने स्वतः काय केलं' हे विचारा.

दोन, भाडेकरूंची नोंद पोलीस ठाण्यात प्रत्येकाची वेगळी करा. चौकशी झाली तर डोळ्यांनी पाहिलं तेवढंच सांगा, अंदाज सांगू नका.

तीन, माणूस आपली बाजू दाखवायला तयार असेल तर त्याच दिवशी बघा. हजेरी मागाहूनही मिळेल, पण सीसीटीव्हीचं चित्रण फार दिवस राहत नाही.

चार, तुम्हालाच कोणी असं गोवलं, तर अटकेचं कारण विचारा आणि वकील मागा. राज्यघटनेच्या कलम 22 ने तो हक्क दिला आहे.

डिपॉझिट मी नंतर त्याच्या गावी पाठवलं. पोचल्याचा फोन आला. "मिळाले, काका," एवढंच म्हणाला. गेटपास परत मिळवून देणं माझ्या हातात नव्हतं.