आरशाचा टाका

बुलढाणा जिल्ह्यात मेहकर, लोणार या भागांत बंजारा समाजाचे तांडे आहेत. हे तांडे पूर्वी एका जागी नसत. बैलांच्या पाठीवर मीठ व धान्य लादून बंजारे एका प्रांतातून दुसऱ्या प्रांतात जात. पुढे मलकापूर, शेगाव या गावांवरून जाणारा लोहमार्ग १८६७ साली नागपूरपर्यंत पोहोचला. जो माल बैल महिन्याने पोहोचवीत, तो आगगाडी दोन-तीन दिवसांत नेऊ लागली. बंजाऱ्यांचा व्यापार बुडाला आणि तांडे हळूहळू स्थिरावले. बैलांच्या रांगा गेल्या. परंतु स्त्रियांच्या हातची सुई थांबली नाही.

त्यांच्या घागऱ्याला फेटिया आणि चोळीला कांचळी म्हणतात. तांबड्या-निळ्या जाड सुती कापडावर पिवळ्या, पांढऱ्या, हिरव्या दोऱ्यांचे भरतकाम, कडेला कवड्या आणि मधूनमधून आरशांचे तुकडे, असा त्यांचा थाट असतो. गुंडीला भोके असतात, कवडीलाही भोक पाडता येते. पण आरशाला भोक नसते. मग तो कापडावर टिकतो कसा?

त्याला दोऱ्याची चौकट धरून ठेवते. आरसा कापडावर ठेवून डाव्या अंगठ्याने दाबून धरतात. काठालगत सुई वर काढून आरशावरून दोन समांतर दोरे ओढतात. मग त्यांना छेदणारे आणखी दोन दोरे आडवे घालतात आणि प्रत्येक छेदापाशी आधीच्या दोऱ्याला एक वेढा देतात. आरशाच्या मध्यावर लहानसा चौकोन तयार होतो. येथेच खरे कौशल्य आहे. हे दोरे काठाच्या फार जवळ पडले, तर आरसा निसटतो; फार आत पडले, तर तो झाकून जातो; सैल राहिले, तर काचेची धार त्यांना झिजवून तोडते.

यानंतर काजटाका येतो. सुई चौकटीच्या दोऱ्याखालून काढून दोरा बाहेर ओढावयाचा, काठालगत कापडात लहानसा टाका घ्यावयाचा आणि सुई दोऱ्याच्या फासातून वर काढावयाची. असे सभोवार करीत गेले, की चौकोन ताणला जाऊन गोल होतो. काचेची धार दोऱ्याच्या कड्याखाली दडते व मध्ये फक्त चकाकणारा भाग उरतो.

हा काजटाका घरोघरी परिचित आहे. सदऱ्याच्या गुंडीचे काज त्यानेच भरतात. घोंगडीची कड उसवू नये म्हणून आणि ठिगळाची किनार बसविण्यासाठीही तोच उपयोगी पडतो. कापडाची उघडी कड बांधणे हे त्याचे मूळ काम; आरशाभोवती तो काचेची कड बांधतो, एवढेच.

आता तांड्यातील बहुतेक तरुण मुली साडी किंवा पंजाबी पोशाख वापरतात. फेटिया वजनाने जड, आणि तो भरावयास महिनेच्या महिने लागतात. लग्नात व सणावारी तो पेटीतून बाहेर निघतो. बाजारात आरसे चिकटविलेले तयार कापड स्वस्त मिळते. पण चार धुण्यांत गोंद सुटून त्याचे आरसे गळू लागतात. आजीच्या पेटीतील फेटियाचा रंग विटलेला असतो, कवड्या पिवळ्या पडलेल्या असतात. तरी उन्हात धरला, की समोरच्या भिंतीवर कवडशांचे ठिपके नाचू लागतात.