तौरातेची भाषा आणि एक ओळखीचा शब्द

वाचकहो, चाकणच्या कारखान्यांतून जुमाच्या नमाजला येणारे तरुण अनेकदा विचारतात, "तौरात अरबीत उतरली होती काय?" नाही. प्रत्येक पैगंबर आपल्या कौमच्या भाषेत बोलले, हे सूरह इब्राहीमच्या चौथ्या आयतीवरून आपण जाणतो. बनी इस्राईलची भाषा इब्रानी होती आणि यहुद्यांजवळ आज असलेले धर्मग्रंथही बहुतांशी इब्रानीतच आहेत. मात्र दानिएलच्या ग्रंथाचे जवळजवळ सहा अध्याय व एज्राच्या ग्रंथातील दरबारी पत्रे आरामीत आहेत. ती त्या काळच्या साम्राज्यांची व्यवहारभाषा.

'उत्पत्ती'च्या 31व्या अध्यायातील प्रसंग पाहा. हजरत याकूब (अ.) आणि त्यांचे सासरे लाबान यांच्यात करार झाला, साक्षीसाठी दगडांची रास रचली गेली. याकूब (अ.) यांनी तिला इब्रानीत 'गल्एद' म्हटले, लाबानने आरामीत 'यगर साहदूथा'. अर्थ एकच, साक्षीची रास. या 'साहदूथा'त कलिमा-ए-शहादतमधील 'शहादत' तुम्हाला ऐकू येत नाही काय?

दूर कशाला, 1874 साली आपल्या पुण्यातच बेने इस्रायल समाजाचा 'हग्गादा' हा सणाचा पाठ मराठी भाषांतरासह छापला गेला. त्यातील भुकेल्याला जेवायला बोलावणारे आवाहन मुळात आरामीच आहे.

'त्यांच्या किताबा बदलल्या' एवढ्यावरच विषय मिटवणाऱ्यांनी हजरत जैद बिन साबित (रजि.) यांना आठवावे. यहुद्यांशी होणारा पत्रव्यवहार परक्याच्या भरवशावर राहू नये, म्हणून प्रेषितांच्या (स.) आज्ञेवरून त्यांनी त्यांची लिपी शिकून घेतली, तीही अवघ्या पंधरवड्यात.