इन्सुलिन-पंपाचा रिमोट आणि वर्गशिक्षक

मधुमेही विद्यार्थ्याजवळ रिमोट दिसल्यास शिक्षकांनी तो खेळणे समजून काढून घेऊ नये. त्याच्या अंगावरील पंप दिवसभर थोडेथोडे इन्सुलिन त्वचेखाली सोडीत असतो. रिमोट दूर राहिला तरी ते थांबत नाही. जेवणापूर्वीची जादा मात्रा मात्र कित्येक पंपांत रिमोटवरूनच द्यावयाची असते. भोजनाच्या घंटेस तो कपाटात कुलूपबंद असेल, तर मुलाने जेवावे कसे?

मात्रा पालकांनी लिहून दिल्याप्रमाणेच घेतली जावी. इतर मुलांस कळ दाबू देऊ नये. इन्सुलिन जादा गेल्यास रक्तातील साखर उतरते, घाम व कंप सुटतो. मूल शुद्धीवर असल्यास तत्काळ साखरपाणी पाजावे. बेशुद्धाच्या तोंडात काही न घालता त्यास त्वरित रुग्णालयात न्यावे.

रिमोट ऊन-पाण्यापासून जपावा, कोरड्या फडक्याने पुसावा, बॅटरी रोज पाहावी. काही जुन्या पंपांचे रिमोट अमेरिकेत २०१८ पासून परत मागविण्यात आले व २०२१ मध्ये ती मोहीम वाढविण्यात आली. कारण जवळपासचा तिऱ्हाईत त्यांचे बिनतारी संदेश टिपून पुन्हा सोडू शकला असता. म्हणून कोणी वापरलेला रिमोट देऊ केल्यास, उत्पादकाकडे चौकशी केल्यावाचून पालकांनी तो पंपास जोडू नये.