बेळगावची अश्वशक्ती, गोव्याची अश्वशक्ती

प्रश्न : एकाच गाडीची अश्वशक्ती बेळगावात आणि गोव्यात वेगळी भरली. कुठलं यंत्र खोटं? (वाचक, निपाणी)

उत्तर : बहुधा कुठलंच नाही. हे यंत्र, म्हणजे डायनॅमोमीटर, अश्वशक्ती थेट मोजत नाही. चाकांचा जोर आणि फेरे यांवरून ती हिशेबाने काढतं. जड रोलर किती झपाट्याने वेग घेतो हे पाहणारं यंत्र आणि विद्युत-ब्रेकने गाडी दाबून धरणारं यंत्र यांचे आकडे जुळत नाहीत. टायरमधली हवासुद्धा फरक पाडते. त्यात बेळगाव समुद्रसपाटीपासून सुमारे ७५० मीटरवर, म्हणजे हवेचा दाब किनाऱ्यापेक्षा ८-९ टक्के कमी, आणि त्यामुळे इंजिनाचा जोरही कमी. ‘त्यासाठी दुरुस्ती-गुणक असतोच की!’ असतो, पण तो काढताना एक मानक २० अंश तापमान धरतं, दुसरं २५. शिवाय टर्बो इंजिन ही उणीव बरीचशी स्वतःच भरून काढतं. त्यालाही पूर्ण गुणक लावला की आकडा फुगतो (आणि मालक खूश). गाडीत केलेला बदल तपासायचा असेल, तर आधी आणि नंतर त्याच यंत्रावर, त्याच गिअरमध्ये मोजा.