पावसाळ्यात मातीला हवा मिळू द्या

जुलैच्या मध्यावर मुलुंडच्या गच्च्यांवरून एकच तक्रार ऐकू येते: मिरची पिवळी पडली, टोमॅटोची खालची पाने गळाली, खत घालूनही फरक नाही. मग बहुतेक जण युरियाची चिमूट टाकतात आणि ती वाया जाते. झाड उपाशी नसते, त्याची मुळे गुदमरलेली असतात. आपल्या उपनगरांत जून ते सप्टेंबर दोन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो आणि त्यात सर्वांत मोठा वाटा जुलैचा. मातीची छिद्रे पाण्याने भरली की हवा आत शिरत नाही. उरलासुरला ऑक्सिजन मुळे आणि जिवाणू मिळून एक-दोन दिवसांत संपवतात.

पुढे काय घडते ते नीट समजून घ्या, कारण सगळा सल्ला त्यावरच उभा आहे. चमचाभर मातीत कोट्यवधी जिवाणू असतात आणि ऑक्सिजन संपला म्हणून त्यांचे काम थांबत नाही. त्यांतले काही नायट्रेटमधला ऑक्सिजन वापरू लागतात. तुम्ही दिलेले नत्र वायू होऊन उडून जाते. नायट्रेट संपले की मँगनीज आणि लोह, मग सल्फेट, आणि शेवटी मिथेन तयार करणाऱ्या सूक्ष्मजीवांची पाळी येते. कोणते जिवाणू कामाला लागणार हे पाणी ठरवते, आणि ते जिवाणू मग मातीचे रूपच पालटतात.

हे डोळ्यांनी पाहता येते. भिजलेली कुंडी आडवी करून मातीचा गड्डा हलक्या हाताने बाहेर काढा. वरची दोन बोटे माती तांबूस, खाली निळसर करडी, तळाशी काळी. नाकाशी धरली तर सडक्या अंड्याचा वास. ओहोटीला ठाणे खाडीच्या काठच्या चिखलाला हाच वास येतो. समुद्राच्या पाण्यात सल्फेट भरपूर, त्यामुळे तिथे ते वापरणाऱ्या जिवाणूंचेच राज्य. तिवर चिखलातून हवेत मुळे वर काढून या कोंडमाऱ्यात तग धरतो. मिरचीला ते जमत नाही.

म्हणून आर्द्रा नक्षत्र लागण्याआधी कामे उरका. कुंड्यांची भोके तारेने मोकळी करा, खालच्या ताटल्या काढा, कुंडी दोन विटांवर ठेवा. नुसती लाल माती भरू नका, ती पावसाने दबते. निम्मी माती, त्यात चांगले कुजलेले शेणखत किंवा गांडूळखत आणि जाड रेती किंवा भाताचा तूस घाला. कोकोपीट उन्हाळ्यात उपयोगी, पण पावसाळ्यात ते पाणी धरून बसते. ते कमीच ठेवा. राष्ट्रीय उद्यानाच्या पायथ्याशी भाजीपाला करणाऱ्यांनी गादीवाफे करावेत आणि उताराच्या तळाशी साचणाऱ्या पाण्याला चर काढून वाट द्यावी.

पेरणीची वेळही महत्त्वाची. उन्हाळ्यात तापून कोरडी पडलेली माती पहिल्यांदा भिजते तेव्हा जिवाणू एकदम जागे होतात, सेंद्रिय पदार्थ झपाट्याने कुजवतात आणि काही दिवसांत बरेच नत्र मोकळे करतात. जमिनीत मूळ नसेल तर पुढच्या मुसळधार पावसात ते वाहून जाते. भेंडी, पडवळ, शिराळी, कारली यांचे बी पहिल्या पावसालाच लावा. या वेळी रासायनिक खताचा मोठा हप्ता देऊ नका.

ठाणे, भिवंडी, कल्याणकडे भात करणाऱ्यांची गोष्ट वेगळी. भाताच्या खोडात हवेच्या पोकळ्या असतात, त्यांतून ऑक्सिजन मुळांपर्यंत पोचतो. म्हणून भाताला चिखल चालतो. तरीही युरिया पाण्यावर फोकला तर त्याचे नुकसान ठरलेले. दापोलीच्या डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठाची युरिया-डीएपी ब्रिकेट चिखलात खोल खोचण्याची शिफारस यासाठीच आहे. हवा नसलेल्या थरात अमोनियाचे नायट्रेट होत नाही आणि नत्र पिकासाठी टिकून राहते.

आता सोसायट्यांच्या खतखड्ड्यांकडे वळू. 2017 च्या ऑक्टोबरपासून महापालिकेने मोठ्या संकुलांना ओला कचरा आवारातच जिरवायला सांगितले आहे. पावसाळ्यात या खड्ड्यांची दशा पाहवत नाही. वर पत्रा घाला. ओल्या कचऱ्याच्या प्रत्येक थरावर सुक्या पानांचा जाड थर द्या आणि आठवड्यातून एकदा उलथा. हवा मिळाली की ढीग 55 ते 65 अंशांपर्यंत तापतो, त्यात रोगजंतू आणि तणांचे बी मरते. उलथताना वाफ आणि राखेसारखी पांढरट बुरशीवजा वाढ दिसली तर घाबरू नका, ते अ‍ॅक्टिनोमायसिट्स आहेत आणि काम ठीक चालू आहे. काळे पाणी आणि दुर्गंधी सुटली तर सुकी पाने कमी पडली आहेत.

हवेविना कचरा गाडला तर काय होते, हे मुलुंडकरांना वेगळे सांगायला नको. इथले क्षेपणभूमीचे डोंगर वर्षानुवर्षे धुमसले. 2018 मध्ये तिथे कचरा टाकणे बंद झाले आणि साठलेला कचरा उपसून वेगळा करण्याचे काम हाती घेतले गेले. त्यावरून एक सावधगिरीचा सल्ला: बागेसाठी गोणीतली माती घेताना ती कुठून आली ते विचारा. जुन्या कचऱ्यातली काळीभोर माती दिसायला सुपीक असते, पण तिच्यात शिसे, कॅडमियमसारखे जड धातू असू शकतात. जिवाणू सेंद्रिय पदार्थ कुजवतात, धातू नाहीसे करू शकत नाहीत. अशा मातीत पालेभाजी अजिबात लावू नका.

जिवाणूखतांविषयी थोडे. वाल, चवळीच्या बियाण्याला किलोला 25 ग्रॅम रायझोबियम चोळून सावलीत सुकवा. रोपे कोलमडण्यावर ट्रायकोडर्मा उपयोगी, किलोला 5 ग्रॅम. मात्र त्याच वेळी बुरशीनाशकाची आळवणी करू नका, ट्रायकोडर्मा ही स्वतःच बुरशी आहे. पाण्यात बुडालेल्या मातीत कितीही महागडी बाटली ओतली तरी पैसे फुकट जातात. आधी निचरा करा, मग संवर्धक विकत घ्या. या आठवड्यातच एक कुंडी उलटी करून तिचा तळ तपासा. काळी माती निघाली तर बाकीच्या कुंड्यांची भोके जोराचा पाऊस लागण्यापूर्वी मोकळी करा.